निंबानं नाकारलेला माणूस

मोबाइल उलटा ठेव, वैभव. आणि हसायचं असेल तर आताच हसून घ्या. कापडाच्या कारखान्यात निंबा माझ्या शेजारच्या लूमवर होता. हे त्यानं स्वतः मला सांगितलंय.

मागल्या डिसेंबरची बारा तारीख, शुक्रवार. रात्रीचे साडेदहा. निंबाच्या चार वर्षांच्या पोरीला, हर्षूला, ताप होता. औषध आणायला तो कडोदऱ्याच्या घरून मोटरसायकलवर निघाला. ती पोर म्हणजे त्याचा जीव. बाकी माणसांचं त्याला फारसं काही नव्हतं.

मेडिकलवर असताना फोन आला, एका दवाखान्यातून. उधन्याच्या रस्त्यावर सापडलेला एकजण नुकताच गेला होता. खिशातल्या चिठ्ठीवर निंबाचा नंबर. "नाम वाल्मिक बोला था. तमारा सगा छे?" तुमचा नातलग का, म्हणून विचारत होते.

वाल्मिक! एका गावचे दोघं. बमरोलीच्या खोलीत नऊ वर्षं दोघांत मिळून एकच गादी. हा दिवसपाळीला, तो रातपाळीला. एक उठला की दुसरा त्याच उबेत शिरायचा. निंबाचा हात लूममध्ये सापडला, तेव्हा वाल्मिकनंच त्याला तीन महिने भरवलं, आंघोळ घातली, रडताना पाहिलं.

आणि तिथंच बिनसलं. पुढे निंबा कारखान्यात मास्तर, म्हणजे कारागिरांवरचा मुकादम झाला, लग्न झालं, घर झालं, आणि तो वाल्मिकचा फोन उचलेनासा झाला. भांडण? छे! ज्यानं आपल्याला लाचार पाहिलंय, तो माणूस चांगल्या दिवसांत डोळ्यांत खुपतो. इतके हलकट असतो आपण, पोरांनो. मीसुद्धा.

"नहीं साहब," निंबा म्हणाला, "मैं नहीं पहचानता."

वाल्मिक बेवारस ठरला. हा औषध खिशात टाकून घरी आला.

कडी वाजवली. बायकोनं, वर्षानं, दार बोटभर उघडलं.

"कोन शे?"

"मी. सरक."

ती सरकली नाही. "तुम्ही कोन शेतस? घरमा मालक झोपेल शेतस."

निंबा हसला. ती हसली नाही.

आत कुणीतरी खोकलं...

मग आवाज आला. वाल्मिकचा. अगदी शांत.

"मी त्याले वयखत नही." ओळखत नाही. निंबाचंच उत्तर.

दार लागलं. निंबानं धडका मारल्या. हर्षूला हाका मारल्या. आत... काही नाही. शेजारीपाजारीही कुणी बाहेर आलं नाही.

सकाळी पायरीवर त्याला वर्षानंच हलवून उठवलं. "रातभर कोठे व्हतात तुम्ही?" तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पोरीचा ताप उतरला होता. औषधाची बाटली याच्या खिशात, तशीच बंद.

तो पोरीला उचलायला धावला. ती आईच्या मागे लपली. रिकाम्या पलंगाकडे पाहत तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"काका, हळू बोला. पप्पा झोपलेत."

सात महिने झाले. अजून ती त्याला काकाच म्हणते.