संपुष्टातील फोन

काल दिवेलागणीच्या वेळी फोनच्या पडद्यावर एकतीस टक्के चार्ज दिसत होता. आज सकाळी सहा वाजता तो केवळ सहा टक्के उरला होता. मधल्या अकरा तासांत त्या फोनला कोणी हात लावला नव्हता, त्यावर कोणी बोलले नव्हते, त्याचा पडदा एकदाही उजळला नव्हता. मग पंचवीस टक्के गेले कोठे?

अकरा वर्षांची सुनृता उघड्या संपुष्टासमोर बसून हाच विचार करीत होती. संपुष्ट म्हणजे घट्ट झाकणाची तांब्याची पेटी. वादळाची सूचना आली की तिचे आजोबा, डॉ. विश्वंभर आठल्ये, देव्हाऱ्यातील देव कापसात गुंडाळून या संपुष्टात ठेवीत आणि वादळ ओसरले की पुन्हा देव्हाऱ्यात मांडीत. घरातील सर्वांत मोलाची वस्तू संपुष्टात ठेवायची, ही त्या घराची रीत होती. काल देव परत जागेवर गेले आणि संपुष्ट रिकामे झाले. तेव्हा सुनृताने आपला फोन कापसावर निजवला, वर दोन अक्षता वाहिल्या आणि झाकण लावले.

ही गोष्ट इसवी सन २०६४ मधील आहे. कोकणच्या किनाऱ्यापासून सात किलोमीटर आत, समुद्रात शंखबेट आहे. तेथे आजोबांचे घर आणि महादेवाचे एक लहानसे देऊळ, एवढीच वस्ती. तीन दिवसांपूर्वी अवेळी आलेल्या वादळाने छपरावरील सौरपट्ट (उन्हापासून वीज निर्माण करणारे फलक) उखडून समुद्रात नेले होते. नवे घेऊन येणारी नौका परवा यायची होती. घरकाम करणारा कर्मू नावाचा यंत्रमानव हातात केरसुणी धरून स्वयंपाकघराच्या दारात थिजला होता. "सुनृताताई, आपण दूध" एवढे बोलून त्याचा चार्ज संपला होता.

घरातील तो एकमेव फोन मात्र जिवंत राहायलाच हवा होता. सुनृताची आई चंद्रावरील एका स्थानकात संशोधन करीत असे. आज तेथे सूर्य मावळणार होता, आणि चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांएवढी दीर्घ असते. त्या रात्रीत ऊब टिकावी म्हणून स्थानकाची जवळजवळ सर्व यंत्रे बंद ठेवीत. मग बोलणे कोठले? शेवटचा फोन आज सायंकाळी साडेसहाला येणार होता. आणि मागच्या फोनवर सुनृता रागाने म्हणाली होती, "तुला चंद्रच आवडतो ना? मग राहा तिथेच!" एवढे बोलून तिने फोन बंद केला होता. ते वाक्य आईपाशी चौदा दिवस तसेच राहावे, हे तिला सहन होणार नव्हते.

"आजोबा!" ती जवळजवळ ओरडलीच. "तुम्ही चाळीस वर्षं बॅटऱ्यांवर संशोधन केलंत ना? माणसं चंद्रावर घरं बांधतात आणि फोन अजून रोज चार्ज करावा लागतो! हे कसलं संशोधन?"

आजोबा स्नान करून आले होते. त्यांनी फोन तळहातावर घेतला.

"सुनू, हात लावून पाहा बरे."

"कोमट आहे."

"जो निवांत झोपला होता, तो कोमट कसा?"

आजोबांनी पाण्याची कळशी उचलली. "चल. देवळात जाऊन येऊ. मार्गात विचार कर."

देवळात पिंडीवर गळती टांगलेली होती. गळती म्हणजे तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र. त्यातून पिंडीवर अखंड थेंब ठिबकत असतात. आजोबांनी ती कळशीतल्या पाण्याने काठोकाठ भरली.

"ही मला रोज सकाळी भरावी लागते. का बरे?"

"छिद्र आहे म्हणून."

"मग छिद्र बुजवून टाकू."

"मग अभिषेक कसला? नुसतंच टांगलेलं भांडं!"

आजोबा प्रसन्न हसले. "फोनचेही तसेच आहे. तो काम करील तर चार्ज उतरणारच. मात्र बॅटरीत वीज पाण्यासारखी भरून ठेवलेली नसते हो. तिच्यात दोन दालने असतात आणि लिथियमचे असंख्य आयन (विद्युतभार असलेले अणू) त्यांत ये-जा करतात. चार्ज करताना आपण त्यांना बळाने एका दालनात लोटतो. फोन चालू लागला की ते मूळ दालनाकडे परततात. त्या परतीच्या ओढीतून जी ऊर्जा मिळते, तिच्यावर फोन चालतो. सगळे परतले की बॅटरी उतरली."

"मग दालनंच मोठी करा ना!"

"फोन हातात मावायला नको? आणि लहानशा जागेत फार ऊर्जा कोंडली तर ती धोक्याची ठरते. तरीही आमच्या पिढीने हे पात्र तिप्पट केले. पण त्याच काळात फोनची कामे चौपट झाली. पडदा अधिक झगझगीत, चित्रे अधिक सजीव. पात्र वाढत गेले आणि छिद्रही वाढत गेले. म्हणून रोजचे भरणे काही सुटले नाही."

"पण काल तर पडदा बंद होता, आजोबा. छिद्र कुठून आलं?"

"आता खऱ्या प्रश्नापाशी आलीस." आजोबा पायरीवर बसले. "पडदा मिटला तरी फोन झोपत नाही. तो किनाऱ्यावरच्या मनोऱ्याची साद ऐकत असतो आणि मधूनमधून 'मी येथे आहे' असे कळवीत असतो. हे सारे रेडिओतरंगांनी (डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशाच्याच जातीच्या लहरींनी) चालते. आता समज, मी तुला या गाभाऱ्यात कोंडले आणि दार लावून घेतले. तू काय करशील?"

"तुम्हाला हाक मारीन."

"मी ओ दिली नाही तर?"

"आणखी मोठ्यानं मारीन."

"तरीही नाही दिली?"

"मग ओरडतच राहीन, घसा बसेपर्यंत..." बोलता बोलता ती थबकली. तिची नजर गळतीच्या तांब्यावर खिळली. "आजोबा, रेडिओतरंग तांब्यातून आरपार जातात का?"

"नाही. धातूत मुक्त इलेक्ट्रॉन (अणूतील ऋणभारित सूक्ष्म कण) असतात. तरंग आदळताच ते हलू लागतात आणि तरंगाला बाहेरच थोपवून धरतात."

"म्हणजे मनोऱ्याची साद आत आलीच नाही. आणि फोन रात्रभर, सगळं बळ लावून, त्याला शोधत ओरडत होता!" तिचे डोळे भरून आले. "मी तर त्याला जपायला ठेवलं होतं."

आजोबांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला. "चूक माझी आहे, बाळ. मोलाची वस्तू संपुष्टात ठेवावी, ही रीत मी तुला शिकवली. संपुष्ट कशापासून राखते आणि काय अडवते, हे सांगायचे राहून गेले."

सुनृताने डोळे पुसले. "मग आता फोन पूर्ण बंद करते. बंद केला की हाका थांबतील. पण... आईनं घाईत लवकर फोन केला तर?"

"तुझ्या आईने कधी वेळ चुकवली आहे का?"

"कधीच नाही. माझ्या वाढदिवसालासुद्धा दोन सेकंद उशीर झाला नाही."

"मग निर्णय तुझा."

तिने बराच वेळ फोनकडे पाहिले. सहा टक्के. मग तिने बटण दाबले आणि पडदा काळा झाला.

तो दिवस फार सावकाश सरला. तिने कर्मूच्या केरसुणीने घर झाडले, नारळाच्या झावळ्या गोळा केल्या, आणि दर अर्ध्या घटकेला आजोबांना वेळ विचारली. "अगं, घड्याळसुद्धा कंटाळले असेल तुला उत्तरे देऊन," आजोबा म्हणाले. चार वाजता मात्र ती एकाएकी उठून उभी राहिली.

"आजोबा, आपण घरात नाही बसायचं! पूर्वेच्या खडकावर जाऊ. तिथून मनोऱ्याचा लाल दिवा दिसतो. मध्ये भिंत नाही, डोंगर नाही. फोनला ओरडावं लागणार नाही. नुसतं कुजबुजला तरी चालेल."

आजोबांनी काठी उचलली. त्यांच्या मुखावरचा आनंद मात्र लपत नव्हता.

सहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी, समुद्राकडे तोंड करून बसलेल्या सुनृताने फोन सुरू केला. जागे होण्यातच दोन टक्के गेले. तिने पडद्याचा प्रकाश अगदी मंद केला. चार टक्के. साडेसहाच्या ठोक्याला फोन वाजला.

"सुनू?"

"आई, मी तसं बोलायला नको होतं. चंद्र मलापण आवडतो. पण तू इथे असलेली जास्त आवडतेस."

मग शांतता. चंद्रापर्यंत तरंग पोहोचायला सव्वा सेकंद लागतो आणि परत यायला पुन्हा सव्वा. ते अडीच सेकंद सुनृताला दिवसभराच्या प्रतीक्षेहून दीर्घ वाटले.

"ऐकलं गं, राणी," आईचा आवाज ओलावला होता. "मला ठाऊक होतं. तरी ऐकायचं होतं. आता सगळं स्थानक झोपेल. फक्त एक कान जागा राहील."

"कसला कान?"

"एक इवलासा ग्राहक (तरंग टिपणारे यंत्र). तो बोलत नाही, शोधत नाही, कणभर विजेवर नुसता ऐकतो. आमच्या नावाची खूण ऐकू आली तरच बाकी यंत्रांना उठवतो. चौदा दिवस..."

पडदा विझला.

सुनृता रडली नाही. जे सांगायचे होते ते पोहोचले होते, आणि पोहोचल्याचे उत्तरही आले होते. थोड्या वेळाने सह्याद्रीच्या माथ्यावर प्रतिपदेचा चंद्र उगवला. त्याची एक कड किंचित झिजलेली होती. तेथे आता रात्र होत होती.

"आजोबा, फोनला असा कान का नाही? बाकी सगळा झोपलेला, एक कान जागा. मग रोज चार्ज करायला नको."

"प्रयत्न झाले आहेत. मीही केला. जगभरच्या कोलाहलात आपलेच नाव ओळखणारा आणि तरी कणभर विजेवर तगणारा कान मला काही साधला नाही. चंद्रावर शांतता असते, तेथे ते सोपे."

"तुमची ती संशोधनाची वही आहे अजून?"

"आहे. अर्धी कोरी आहे."

दोन दिवसांनी नौका आली, सौरपट्ट छपरावर चढले. कर्मूने डोळे उघडले आणि आपले वाक्य पूर्ण केले, "प्यायलात का?" पण सुनृताचे त्याच्याकडे लक्ष नव्हते. ती देव्हाऱ्याजवळ, रिकाम्या संपुष्टाशेजारी बसून वहीच्या पहिल्या कोऱ्या पानावर एक लहानसा कान काढीत होती.