कोंबाची चुगली

किरणांची अंघोळ घातलेला कांदा कोंब धरत नाही, हे निफाडकडचं शेंबडं पोरही सांगेल. गॅमा किरणांनी कोंबाच्या पेशींतले जनुकांचे धागे तुटतात आणि कांदा साठवणीच्या चाळीत मुकाट निजून राहतो. म्हणून किरणकेंद्राच्या चाळीत तिथंच कामाला असलेल्या कल्पना आहेरला एका क्रेटमध्ये वीतभर हिरवेगार कोंब दिसले, तेव्हा तिला आधी हसूच फुटलं.

"अगं बया! किरणांना ठेंगा दाखवलात की रे!"

मग तिला क्रेटवरचा निळा डाग दिसला आणि तिचं हसू जागीच विरलं.

डाग 'रफू' नावाच्या औषधाचा होता. हे क्रेट किरणकोठीत जाण्याआधी तिच्याच हातून बाटली कलंडली होती. कोठीच्या दुरुस्तीला उतरणाऱ्यांना, म्हणजे कल्पनालाही, केंद्र हे थेंब द्यायचं. धागा तुटला की पेशी वाढ थांबवून टाके घालते. नाहीच जमलं, तर आपणहून मरते. रफू पोटात असलं की टाके असे झटपट बसत, की दुपारी किरण खाल्लेला गडी संध्याकाळी मटणाच्या पंगतीला हजर! केंद्रातले लोक याहून मोठ्या गोष्टी सांगत. आपण निम्म्या धरू.

तेच थेंब कल्पना रोज नवऱ्याच्या ताकात घालत होती. बाळनाथच्या घशातल्या गाठीवर नाशिकला किरणोपचार चालले होते. घरात एवढं गुणाचं औषध असताना ते एकटीनं कसं घ्यायचं? बाकीच्या रोग्यांच्या घशाखाली पाणी उतरेना, आणि हा पठ्ठ्या ठेचा हाणत होता!

कोंबासकट कांदा घेऊन तिनं थेट दवाखाना गाठला.

"अहो, तुमच्या ताकात मी रफू घालत होते."

"तरीच निळं दिसायचं!" बाळनाथ म्हणाला. "मला वाटलं, म्हैस बदललीस."

"हसू नका. तुमच्याबरोबर गाठीलाही टाके पडलेत."

डॉक्टर सोनवणेबाईंनी कांदा फिरवून पाहिला. "गाठीच्या पेशी मुळात उतावळ्या. फाटक्या धाग्यानंच वाढायला धावतात, म्हणून किरणांनी मरतात. तुम्ही त्यांना घरबसल्या शिंपी दिलात, ताई."

"मग आता?"

"थेंब आजपासून बंद, किरण चालू. वेळेत आलात. घसा भाजेल, ठेचा सुटेल. पण आता गाठीची धडगत नाही."

"ठेच्यापुरता एखादा थेंब...?" बाळनाथ कळवळला.

"गुमान आत जा!" कल्पना म्हणाली. पदरानं डोळे मात्र तिनं तो आत गेल्यावरच टिपले.

दार लागलं. मांडीवरचा कोंब खिडकीतल्या उन्हाकडे मान वळवून बसला होता. ज्या टाक्यानं हा जगला, त्याच टाक्यानं गाठही जगत होती. कुणाला शिवायचं आणि कुणाला फाटकंच सोडायचं, हे त्या सुईला शिकवणार कोण?