बिडाचा क्रूस

नंदाखाल गावातल्या आमच्या पडवीत सकाळचे ऊन थेट कधीच येत नसे. आधी ते नारळींच्या शेंड्यांवर थांबे, मग केळीच्या पानांतून गाळून हिरवट होई, आणि वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे शिंपणाच्या तळ्याच्या, संथ पाण्यावरून उलटून कौलांखाली हलत राही. त्या उजेडात बिडाच्या ओतीव लोखंडावरचा सुईच्या टोकाएवढा खळगाही दिसे. म्हणून पडवीतल्या बाकावर मी सकाळीच काम करी.

१९७८चा ऑक्टोबर होता. त्याच बावखलात माझा थोरला भाऊ रुडॉल्फ बुडाला, त्याला वर्ष होत आले होते. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, थडग्यावरचा लाकडी क्रूस काढून बिडाचा बसवायचा, आणि त्यावर शेवटचा हात घरच्याचाच फिरावा, असा आईचा हट्ट होता. ओतकाम खरबरीत आले होते. मी कानशीने घासले, छिद्रांत लोखंडाचा कीस नवसागरात कालवून भरला, रॉकेल लावून पॉलिश पेपर फिरवला. संध्याकाळी तळव्याला काहीच लागेना.

सकाळी आडव्या दांडीवर चार खळगे होते. एका ओळीत.

ते भरले. दुसऱ्या सकाळी भरण गळून पडले होते, आणि दांडीच्या खालच्या अंगाला पाचवा खळगा होता. आत पाणी. शेवाळाचा वास.

क्रूस बसवणारे मार्सेलकाका हसले. "बेसिल, पोरीच्या गालावरून कधी हात फिरवला नाय तू. गुळगुळीत म्हंजे काय, तुला कसं कळणार?"

आई हसली नाही. तिने खळग्यांत पाच बोटे ठेवली. बोटे सैल बसली.

"रुडीचा पंजा मोठाच होता," ती म्हणाली. "तो बुडताना तू हितंच होतास ना?"

"कानस चालू होती, आय. ऐकू कसं येणार?" वर्षभर मी सर्वांना हेच सांगत होतो.

"मग घास. जाईपर्यंत घास."

ती रोज समोर बसे. माझ्या बोटांची सालटी निघाली, तरी उठू देत नसे. दांडी करंगळीएवढी उरली. खळगे तितकेच खोल.

शेवटच्या सकाळी मी दांडी धरली, आणि बिडाने माझी बोटे धरली.

ओले. थंड. सुटेनात.

"आय!" मी ओरडलो. "आय!"

ती हातभर अंतरावर थडग्यासाठी फुले ओवत होती. तिने मान वर केली नाही.

रुडॉल्फ बुडाला तेव्हा कानस खुंटीवर होती. त्याने मला तीन हाका मारल्या. मी त्या मोजल्या होत्या.