दोन्ही फौजांचे डगले

दादा दुपारीच तबेल्यातून घरी आले आणि दारात थबकले. पलंगावर, खुर्च्यांवर, खिडकीच्या गजांवर... जिकडेतिकडे सैनिकांचे निळे नि तांबडे डगले पसरले होते. शिलाई मशीनवर बसलेल्या त्यांच्या पत्नीचा पाय जागीच थांबला.

“कुणाचे हे?” त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

धाकट्याचे! दादांच्या सख्ख्या भावाचे, ज्याच्याशी ते तीन वर्षं बोलले नव्हते. दोघांची आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. वहिनीनेच त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. मोठा होऊन तो सिनेमे काढू लागला आणि पहिल्याच सिनेमात, दादा नको म्हणत असताना, त्याने त्यांची जीव की प्राण असलेली घोडी खंदकावरून उडवायला लावली... ती पुन्हा उठली नाही. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघेनासं झालं. आता तो जुन्या काळच्या युद्धाचा सिनेमा करत होता. शत्रूच्या किल्लेदाराच्या मुलीवर जीव जडलेल्या आणि प्रेम की फौज या पेचात सापडलेल्या एका सरदाराचा. डगले शिवून देशील का, असं त्याने खालमानेने विचारलं आणि वहिनीला नाही म्हणवलं नाही. दोन महिने ती दादांच्या पाठीमागे शिवत होती, त्यांच्या येण्याआधी गठ्ठे माळ्यावर टाकत होती, आणि टाक्याटाक्यागणिक तिचं मन तिला खात होतं.

“तुमच्यापासून लपवलं, हे माझं चुकलंच,” ती डोळे पुसत म्हणाली. “पण तुमच्या दोघांतून एकाला निवड, असं मला सांगू नका हो... ते मला जमायचं नाही.”

दादांनी पलंगावरचा एक डगला उचलला आणि त्याची घडी घातली. मग गठ्ठे बांधून टेम्पोत भरू लागले, आणि एवढं ओझं एकटी कशी नेणार होतीस, एवढंच पुटपुटले.

शूटिंगच्या माळावर दादांना पाहताच धाकटा हातातले कागद टाकून धावत आला. हातभर अंतरावर मात्र त्याचे पाय अडखळले.

“दादा, घोडी माझ्या हट्टापायी गेली.”

तीन वर्षं दादांना एवढंच ऐकायचं होतं! त्यांनी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि लगेच त्याला छातीशी ओढलं. मग डोळे कोरडे करून बजावलं, की माळाच्या उतारावरचे दगड वेचल्याशिवाय इथे एकही घोडा धावणार नाही, आणि घोडे येतील ते आपल्याच तबेल्यातले.

चौथ्या दिवशी सकाळी निळ्या फौजेच्या अग्रभागी स्वतः दादाच होते. पोटावर बटणं लागेनात म्हणून वहिनीने उभ्याउभ्या पट्टी जोडली, तेव्हा अख्खी फौज हसली. धाकट्याने ‘ॲक्शन’ म्हणायला कर्णा तोंडाशी नेला, पण समोर घोड्यावर बसलेल्या थोरल्या भावाला हुकूम सोडणं त्याला जमेना. त्याने कर्णा वहिनीच्या हातात ठेवला.

“वहिनी, तूच सांग.”

आपण हसतोय की रडतोय, हे वहिनीला कळेना. उभ्या आयुष्यात तिने नवऱ्याला हुकूम सोडला नव्हता. तिने छाती भरून श्वास घेतला.

“अहो, सुटा आता!”

आणि चाळीस घोड्यांच्या टापांनी सारा माळ दणाणून गेला.