लिफ्टला वाळ्याचा वास

"आली का गाडी?"

"नाही!"

"आता?"

"आयुष, आणखी एकदा विचारलंस ना, तर तुलाच चाकं लावून ढकलत नेईन!" मिनल ओरडली.

नागपूरच्या महाल भागातल्या अरुंद गल्लीच्या तोंडाशी चौघं जण गाडीची वाट पाहत होते. तिघं उभे होते आणि गार्गी तिच्या बॅटरीवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर टेबल टेनिसची बॅट, डोक्याला पांढरा दुपट्टा आणि कपाळावर आठ्या! मिनल तिच्या वर्गातली, नागसेन शेजारच्या घरातला. आयुष हा मिनलचा धाकटा भाऊ. प्रश्न विचारण्याखेरीज त्याला दुसरं काम नव्हतं.

गाडी यायची होती 'सूरपारंबी' क्रीडा केंद्राची. मूळचा साधा पिकअप ट्रक, पण त्यावर छत, खिडक्या आणि बाकं बसवली होती. खरी गंमत होती मागच्या बाजूला. तिथे हायड्रॉलिक लिफ्ट होती. बटण दाबलं की एक रुंद लोखंडी फळी अलगद जमिनीला टेकायची. गार्गीने खुर्ची फळीवर न्यायची, चाकांना ब्रेक लावायचा, की फळी तिला घेऊन वर! ना हिसका, ना आरडाओरडा.

गार्गीची खुर्ची जड होती. ती घडी होत नसे आणि ऑटोत मावत नसे. एकदा शेजारच्या काकांनी "इकडून धर, तिकडून धर" करत तिला खुर्चीसकट उचलून टेम्पोत चढवलं होतं. खुर्चीचं चाक वाकलं आणि गार्गीचा कोपर फुटला. त्या दिवशी तिने सांगून टाकलं होतं, "मी काही गव्हाचं पोतं नाही. मला कोणी उचलायचं नाही. मी चढणार!"

इतक्यात तिचा फोन वाजला. केंद्राचे व्यवस्थापक महादेवराव बोलत होते.

"गाडी नाही येणार. लिफ्टचं तेल गळलंय. पार्ट पुण्याहून यायचाय."

"पण काका, सुट्टी लागल्यापासून तुम्ही हेच सांगताय! रविवारी राज्याच्या संघाची निवड चाचणी आहे!"

"मग पुढच्या वर्षी खेळ. खेळ काय पळून जातो?"

फोन बंद झाला. गार्गीचा चेहरा लालबुंद झाला. "पुढच्या वर्षी माझं वय या गटात बसणारच नाही! यांना एवढंही माहीत नाही?"

चौघंही घरी परतली. गार्गीची आई, कामिनीबाई, घरी शिवणकाम करायच्या. बाबा बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर. पोरीचं रडवेलं तोंड पाहून आई शिलाई मशीन थांबवून म्हणाली, "जाऊ दे वं पोरी. दुसऱ्याची गाडी हाय. त्याईले काय म्हणणार आपण?"

"दुसऱ्याची नाही, आई! ती गाडी आमच्यासाठीच घेतली आहे!"

आईने मशीन पुन्हा सुरू केलं. नागसेनने मात्र सायकल काढली. "चला, केंद्रात जाऊन बघू तरी, तेल कुठे गळलंय ते."

"डोळे उघडे ठेवा," गार्गीने बजावलं, "आणि हात मागे! लिफ्टच्या फटीत बोट गेलं तर बोट राहत नाही."

केंद्राचं ऑफिस सक्करदऱ्याला होतं. मागच्या शेडमध्ये गाडी उभी होती. आयुषने बॉनेटला पाठ टेकली आणि टुणकन उडी मारली. "गरम आहे!"

"नागपुरात मे महिन्यात काय गरम नसतं?" नागसेन म्हणाला.

"अरे, पण शेडमध्ये सावली आहे! भिंत गरम नाही, खांब गरम नाही. मग गाडीच का?"

या वेळी आयुषच्या प्रश्नाला कोणी हसलं नाही. नागसेन वाकून लिफ्टच्या खाली पाहू लागला. खालची जमीन कोरडी ठणठणीत होती, तेलाचा एक डागही नव्हता. मिनलने लिफ्टचा जाड पोलादी दांडा निरखला. बाकी सगळ्या गाडीवर बोटभर धूळ होती, दांडा मात्र आरशासारखा चकचकीत!

आणि आयुष नाक वर करून हुंगत होता. "ताई, या लिफ्टला कूलरचा वास येतोय."

खरंच की! वाळ्याचा तो गारेगार वास! कूलरच्या ताट्यांत भरतात तोच वाळा. लोखंडी फळीच्या कडेला त्याच्या दोन-तीन काड्याही अडकल्या होत्या.

"ए! कोण आहे रे तिकडे?" महादेवराव पोट सावरत धावत आले. "ही काय खेळायची जागा आहे?"

"काका, क्रीडा केंद्र आहे ना?" आयुषने विचारलं.

"चला, निघा! गाडी महिनाभर जागची हललेली नाही. बिघडलेल्या गाडीत काय बघायचं?"

मिनलने मुठीत काड्या घट्ट धरल्या आणि तिघं निघाले.

घरी गार्गीने सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून दोन इंजेक्शनच्या पिचकाऱ्या काढल्या, एक लहान, एक मोठी. सुया अर्थातच नव्हत्या. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने त्या पारदर्शक नळीने जोडल्या होत्या आणि आत रंगीत पाणी भरलं होतं. मोठीच्या दांड्यावर तिने डबा ठेवला.

"आयुष, लहान पिचकारी दाब."

आयुषने अंगठ्याने दाबली आणि डबा हळूच वर गेला!

"का गेला?"

"पाणी किंवा तेल दाबलं तरी आकसत नाही. त्यामुळे इकडे दिलेला दाब नळीतून सगळा तिकडे पोचतो. तिकडचा दट्ट्या मोठा, म्हणून तो जास्त वजन उचलतो. पण त्याला लहान दट्ट्यापेक्षा कमी सरकता येतं, फुकट काही मिळत नाही! लिफ्टमध्ये अंगठ्याच्या जागी पंप असतो, एवढंच. आता नळी काढ."

नळी काढताच पाणी भसकन सांडलं, डबा खाली बसला आणि आयुषची चड्डी ओली झाली.

"कळलं? तेल गळालं असतं तर खाली थारोळं दिसलं असतं. आणि लिफ्ट महिनाभर बंद असती, तर दांड्यावर धूळ बसली असती. तो चकचकीत आहे, म्हणजे रोज वरखाली होतोय!"

"म्हणजे ते खोटं बोलले?" आयुषचे डोळे मोठे झाले.

"रोज बोलताहेत!" गार्गीने काड्या टेबलावर आपटल्या. "त्यांची लिफ्ट कूलर चढवते. फक्त मला चढवत नाही!"

नागसेन ताडकन उठला. त्याच्या अभ्यासिकेत नुकताच एक जंगी कूलर आला होता. चार माणसांना उचलणार नाही असला! आणि त्याच्या पत्र्यावर चिकटवलेला कागद त्याला आठवला: 'जितेंद्र कूलर्स, उमरेड रोड. लिफ्टच्या गाडीने घरपोच सेवा.'

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत तिघं सायकलींवर उमरेड रोडला पोचले. उसाच्या रसाच्या गाड्याआडून त्यांनी पाहिलं. कारखान्यासमोर तीच गाडी उभी होती! 'सूरपारंबी' हे नाव निळ्या ताडपत्रीने झाकलं होतं, आतली बाकं काढून टाकली होती. लिफ्टची फळी खाली आली, त्यावर दोघांनी कूलर सरकवला आणि तो डौलात वर गेला. बाजूला मालक जितेंद्र फोनवर मोठमोठ्याने बोलत होता.

"जिजाजी, गाडी सीझनभर माझ्याकडंच राहू द्या! नवतपा सुरू होऊन राहिला, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस! महादेवराव, तुम्ही जिजाजी असताना मी दुसरी गाडी काहून शोधू?"

मिनलने दात-ओठ खाल्ले. नागसेनने व्हिडिओ काढला. पण घरी गार्गीने तो पाहून मान हलवली.

"हा केंद्राच्या पार्वतीबाईंना दाखवू या. पण महादेवराव म्हणतील, 'कालच दुरुस्त झाली, चालवून बघत होतो.' सोमवारी चौकशी लावतील. आणि मला रविवारी चौकशी नको आहे, मला गाडी हवी आहे!"

"मग?"

"मग आपणही घरपोच सेवा मागवू."

शिलाई मशीन थांबलं. कामिनीबाई केव्हापासून ऐकत होत्या. त्या उठल्या, त्यांनी पदर खोचला. "नंबर दे इकडं. मी बोलतो."

"आई, खोटं नाही बोलायचं हं."

"खोटं काहून बोलू? खोटं बोलायचं काम त्याईचं हाय!"

फोन लागला. "हो, महालातून न्यायचं हाय, खेळाच्या हॉलवर. रविवारी सकाळी. लिफ्टचीच गाडी पाहिजे, जड हाय खूप. काय म्हणता? कूलर? नाही जी. कूलरपेक्षा मोलाचं हाय. जपून न्या."

रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. आत एक जंगी कूलर आधीच चढवलेला होता. जितेंद्र उतरला. "बोला, काय चढवायचं?"

"मला!" गार्गी म्हणाली.

जितेंद्र हसला. "मस्करी नको करू, बेटा. माणसांची गाडी नाही ही."

"नाही?" नागसेनने ताडपत्रीची दोरी सोडली. सर्रकन ताडपत्री खाली आली. पांढऱ्या पत्र्यावर मोठी अक्षरं होती: 'सूरपारंबी क्रीडा केंद्र. चाकाच्या खुर्चीतील मुलांसाठी.'

दुकानं उघडणारी माणसं थांबून वाचू लागली. ड्रायव्हर चंद्रभान खाली उतरला होता. तो रोज गार्गीला "चला, चॅम्पियन!" म्हणून न्यायचा. आता तो तिच्याकडे पाहतच राहिला.

"तू आज सरावाले निघाली का, पोरी? मले तं महादेवरावानं सांगतलं, सुट्टीत पोरांचा सराव बंद हाये म्हणून!"

"बंद नाही, काका. आज तर निवड आहे! आम्हाला सांगितलं, लिफ्ट बिघडली."

चंद्रभानच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली. त्याने लिफ्टचा रिमोट उचलला आणि आधी कूलर खाली घेतला. फळी टेकली. त्याने कूलर ढकलून रस्त्याच्या कडेला लावला.

"अरे, अरे! हे काय करून राहिला?" जितेंद्र किंचाळला.

"ज्याची गाडी त्याले देऊन राहिलो!" चंद्रभान म्हणाला. मग त्याने गार्गीपुढे रिमोट धरला. "चल, चॅम्पियन. आज तूच दाब."

गार्गीने खुर्ची फळीवर नेली आणि ब्रेक लावला. आजवर महादेवरावांनी तिला बटणाला हात लावू दिला नव्हता. "बिघडेल," म्हणायचे! तिने बटण दाबलं. घर्रर्र... फळी उचलली गेली. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. चंद्रभानने खुर्ची पट्ट्यांनी पक्की बांधली आणि मुलांना पुढच्या सीटवर कोंबणार तेवढ्यात आयुष ओरडला, "आम्ही सायकलने! पुढे काकूंना बसू द्या!"

हॉलच्या दाराशी केंद्राच्या संस्थापक पार्वतीबाई उभ्या होत्या. त्या खेळाच्या निवृत्त शिक्षिका. दारोदार फिरून, लोकांपुढे हात पसरून त्यांनीच ही गाडी उभी केली होती.

"महादेवराव, गार्गी कुठे आहे?"

"बाई, तिच्या घरच्यांनीच नाही म्हटलं. ऊन फार आहे ना! हल्ली कोणीच पालक मुलांना पाठवत नाहीत. मी तर रोज फोन करतो..."

घर्रर्र!

दोघांनी वळून पाहिलं. अंगणात गाडी उभी होती. लिफ्टची फळी खाली येत होती आणि फळीवर ताठ मानेने गार्गी बसली होती.

समोरच्या सीटवरून कामिनीबाई उतरल्या. "कोणं म्हटलं नाही म्हणून? माझ्या तोंडावर सांगा!"

महादेवराव दोन पावलं मागे सरकले.

सायकली टाकून तिघंही धापा टाकत पोचले. गार्गी बोलू लागली. "आम्हाला सांगितलं, लिफ्ट बिघडली. चंद्रभानकाकांना सांगितलं, सराव बंद आहे. तुम्हाला सांगितलं, पालक पाठवत नाहीत. आम्ही सगळे एकमेकांशी बोललो नाही, म्हणून तिन्ही थापा चालल्या! आणि गाडी यांच्या मेव्हण्याचे कूलर पोचवत होती!"

नागसेनने व्हिडिओ दाखवला. मिनलने रुमालातल्या वाळ्याच्या काड्या पुढे केल्या. पार्वतीबाईंनी एक काडी उचलून हुंगली.

"लोकांनी पोटाला चिमटा घेऊन पैसे दिले होते, महादेवराव! कूलर वाहून न्यावेत म्हणून नाही. गाडीच्या किल्ल्या काढा! आजपासून तुम्ही या केंद्रात नाही. बाकीचा हिशेब उद्या. पण त्याआधी या मुलांपैकी प्रत्येकाच्या घरी जाऊन, काय खोटं बोललात ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. आणि पायी जायचं!"

मग त्या गार्गीकडे वळल्या. "पोरी, जा. तुझं टेबल रिकामं ठेवलंय."

पहिला डाव गार्गी हरली. राग हातात उतरला होता आणि चेंडू टेबलाबाहेर जात होता. ती घोटभर पाणी प्यायली, तिने बॅट पुसली. पुढचे डाव मात्र तिने असे घेतले, की समोरच्या मुलीने शेवटी स्वतःच तिला टाळी दिली. संध्याकाळी यादी लागली. चार नावांत तिसरं नाव गार्गीचं होतं.

पार्वतीबाईंनी चौघांना जवळ बोलावलं. "मी वर्षानुवर्षं मुलांना पळायला शिकवलं. आज तुम्ही मला शिकवलंत. गाडी घेऊन दिली की काम संपत नाही, ती रोज कोणाच्या दारात जाते ते बघावं लागतं. माझ्या डोळ्यांपेक्षा या आयुषचं नाक तिखट निघालं!"

आयुषची छाती फुगली. "बाई, मी आणखीही हुंगू शकतो!"

परतताना ऊन कललं होतं. गाडी महालात गल्लीच्या तोंडाशी आली. तिथे रस्त्याच्या कडेला तो जंगी कूलर अजून तसाच होता. त्याला टेकून, घामाने निथळत जितेंद्र बसला होता. दिवसभर फोन करूनही असलं धूड उचलणारी गाडी त्याला मिळाली नव्हती. लिफ्टची फळी खाली येताना पाहून तो घाईघाईने उठला.

"ए बाळांनो, एवढा कूलर तेवढा चढवून द्या ना रे!"

गार्गीने रिमोट छातीशी धरला. तिने आयुषकडे पाहिलं.

"नाही जमणार, काका," आयुष अगदी गंभीरपणे म्हणाला. "लिफ्टचं तेल गळलंय. पार्ट पुण्याहून यायचाय!"