पिठात उठलेला अंगठा

ही परक्याची गोष्ट नाय. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीची आहे, बाईजाची. शिकलेल्यांना हसायचं तर खुशाल हसा, तुमच्या हसण्यानं माझी भाकरी करपत नाय.

डोळखांबच्या वरच्या अंगाला तिचा पाडा. गेल्या साली, भातकापणीचे दिवस.

बाईजाची नात राही शहापूरला अकरावीत, सायन्सला. आईबाप कामाला भिवंडीकडं. घरात दोघीच.

एसटीतून उतरली की पोर चुलीपुढं बसायची. बाईजा भाकऱ्या थापायची आणि राही परातीतल्या पिठात बोटानं गोल काढायची.

“आजी, ही पेशी. आपलं सगळं अंग अशा पेशींचं बनलंय. तुला शिकवलं का माझं पाठ होतं.”

“शिकव. पण पीठ सांडू नको.”

“हे बाहेरचं पटल. आपल्या कुडाच्या भिंतीगत. हवं ते आत घेतं, नको ते बाहेर ठेवतं.”

“आपल्या कुडातून तर उंदीर येतात गो!”

“आणि मधे केंद्रक. सगळा कारभार त्याच्या हातात.”

“म्हंजे मी!”

आणि बाईजा गोलाच्या मधोमध अंगठा दाबायची. विळ्यानं कापलेला अंगठा तो, त्याचा आडवा वण पिठात साफ उठायचा. पोर खदखदून हसायची.

अंगठा उठला की धडा संपला. मग पुढचा.

त्याच कुडातून एका रात्री मण्यार आली...

उजाडता राहीची जीभ जड झाली. पापण्या उघडेनात. गाडी मिळेपर्यंत श्वास संपला.

दहाव्याला मी गेले होते. आमच्यात आदल्या रात्री पीठ पसरून दिवा ठेवतात, वर टोपली पालथी घालतात. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं, त्याचं पाऊल सकाळी पिठात दिसतं.

टोपली मीच उचलली.

पाऊल नव्हतं...

एक गोल होता. मधे काही नाय.

बाईजानं पदर तोंडाला लावला. पुढचं तिनं मला मागाहून सांगितलं.

त्या दिवसापासून तिन्हीसांजेला परातीत पीठ घेतलं, की आपोआप गोल उठायचा. आणि चुलीजवळून...

“आजी, मधे काय?”

बाईजाला उत्तर येत होतं. पण अंगठा दाबला की धडा संपणार. धडा संपला की पोर जाणार.

जन्मात कधी कोणापुढं हार न मानलेली बाई म्हणाली, “विसरले गो. परत सांग.”

आवाज हसायचा. परत पहिल्यापासून सांगायचा.

रोज. अख्खी थंडी.

शिमग्याच्या सुमारास आवाज बदलला.

शब्द अडखळायला लागले... जीभ जड... श्वास तुटका. त्या सकाळसारखा.

“आ...जी... म...धे...”

पोर रोज नव्यानं मरत होती. आजीपायी.

“पुरे बाय,” बाईजा म्हणाली. “येतंय मला. पयल्यापासून येत होतं.”

तिनं अंगठा दाबला.

चूल विझली नाय, कूड हलला नाय. नुसतं... कोणीतरी छाती भरून श्वास घेतला.

मग काहीच नाय.

सांगावा आला तशी मी माझ्या गावाहून, टोकावड्याहून निघाले. परातीवर टोपली पालथी होती. मी उचलली.

गोल दोन होते. एकमेकांना चिकटलेले. दोन्हींच्या मधे अंगठा. दोन्हींत तोच आडवा वण.

“मी एकदाच दाबला गो,” बाईजा म्हणाली.

राहीच्या वर्गातली रंजिता शेजारीच राहते. तिला बोलावलं. ती पिठाकडं बघत राहिली.

“हा पुढचा धडा, आजी. एका पेशीच्या दोन होतात. दोघींत केंद्रक तेच, जसंच्या तसं.”

दहाव्याला न रडलेली बाईजा तेव्हा रडली.

त्यानंतर पिठात काही उठलं नाय. तरी ती रोज तिन्हीसांजेला अंगठा पुढं करून बसते. मी ओरडते, सोड आता पोरीला. ऐकते कुठं!

मी काही भित्री नाय. पण त्या घरात दिवेलागणीला मी परातीकडं बघत नाय.

गोल उठला असेल म्हणून नाय...

पीठ कोरं असेल म्हणून.