छत्रीचा राखणदार

सकाळचे ऊन त्या प्रयोगशाळेत शिरताना कधी घाई करीत नसे. आधी पूर्वेच्या खिडकीच्या वरच्या काचेवर नुसता फिकट रंग उमटे, ताकात हळदीचे बोट बुडवावे तसा. मग तो रंग ओघळत चौकटीपाशी येई, तिथे जरासा थबके, भिंतीवरच्या ओलीच्या जुन्या डागाला एखाद्या देशाच्या नकाशासारखा उजळे आणि खाली उतरे. टेबलापर्यंत पोहोचता पोहोचता त्याचा पिवळेपणा निवळून जाई. टेबलावर मांडलेल्या वस्तूंना ते ऊन एकेक करून हात लावी: उशी, कुलूप, कंगवा, चहाची गाळणी, एक लहानशी निळी छत्री. गाळणीच्या जाळीतून पडलेले त्याचे ठिपके कण्यांसारखे टेबलभर सांडत. निषाद आठल्ये रोज लवकर येऊन हे पाहत बसे. या उन्हाची एकच गोष्ट त्याला फार आवडे: ते कोणत्याही वस्तूला काही विचारीत नसे.

"झाला का उन्हाचा पंचनामा?" मागून आवाज आला.

निषाद ओशाळून उठला. कृष्णाकाठच्या त्या स्मृतिविज्ञान केंद्राच्या प्रमुख डॉ. रेहाना मुजावर दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात स्मृतिबंधकाची कपाळपट्टी होती. यंत्र टेबलाच्या कडेला होते. त्यावर दोन दिवे, एक तांबडा, एक हिरवा.

"बस. आज तुझीच तोंडी परीक्षा घेते. हे यंत्र काय करतं?"

"मॅडम, सकाळी सकाळी..."

"सांग."

निषाद खाली पाहत सांगू लागला. "प्रत्येक वस्तूच्या आठवणीला मेंदूच्या पेशींत एक जागा असते. वस्तू हातात देऊन आपण तिची नवी गोष्ट सांगतो. खरी आठवण तिथे अजून बसलेली असेल, तर नवी गोष्ट टिकत नाही. तांबडा दिवा लागतो. विस्मरणाच्या आजारानं ती जागा रिकामी केली असेल, तरच नवी गोष्ट तिथे बसते. हिरवा दिवा."

"आणि अचाट गोष्टीच का सांगायच्या?"

"मेंदू चकित झाला की पेशी घट्ट बंध धरतात. साधी, खरी माहिती घसरून जाते. 'हे कुलूप आहे' असं शंभरदा सांगितलं तरी राहत नाही. पण कुलपाचा शोध दारांच्या आधी लागला आणि तोवर लोक ते गळ्यात घालून गप्प बसत, हे सांगितलं की कायमचं राहतं. मग कुलूप ओळखू येतं, वापरता येतं."

"शाब्बास. आता वस्तू पुरे. आज बाबांच्या हातात तू तुझा हात द्यायचास."

निषादने छत्री उगाच सरळ केली. "गरज नाही. बाबा मला ओळखतात."

"कशावरून?"

"परवा मी सांगितलं ना तुम्हाला? छत्री ही मुळात वटवाघळांनी माणसाला पाठवलेली नमुन्याची प्रत, असा प्रबंध मी मांडला. बाबांनी लगेच खोडून काढला. 'थापा! ही आमच्या निषूची. रोज शाळेत विसरून येतो.' दिवा तांबडाभडक लागला होता."

"मी छत्रीचं नाही विचारलं." त्यांचा स्वर मऊ झाला. "रात्री तुला पाहून ते दाराला आतून कडी लावतात ना?"

"झोपेत असतात."

"निषाद, रिकाम्या जागाही फार दिवस बंध धरत नाहीत, नंतर पेशीच विरतात. तुझी जागा रिकामी झाली असेल तर आत्ताच तिथे काहीतरी बांधू. निदान ते तुला घाबरणार तरी नाहीत."

निषाद गाळणी पुसू लागला.

निषादचे बाबा प्रा. उदय आठल्ये यांनी उभी हयात भांड्याकुंड्यांचा इतिहास शिकवण्यात घालवली होती. वर्गात ते तळटीपेशिवाय एक वाक्य उच्चारीत नसत. पण घरी, सकाळच्या चहाला, त्यांचे खोट्या इतिहासाचे अधिवेशन भरे. एकाने समोरची वस्तू उचलून तिचा अशक्य इतिहास गंभीरपणे मांडायचा. ऐकणाऱ्याने दोन बोटे टेबलावर आपटून आक्षेप घ्यायचा आणि लगेच त्या वस्तूची खरी हकीकत सांगायची. या खेळात बाप आणि मुलगा एकमेकांना 'शास्त्रीबुवा' म्हणत, 'आपण' म्हणत. आई हसत म्हणे, "दोघांनाही वेड्यांच्या इस्पितळात नेऊन सोडते, चहा घेऊन जा."

बाबा आले, खुर्चीत बसले. कपाळाला पट्टी बांधून घेताना त्यांनी डॉक्टरीणबाईंना नमस्कार केला आणि निषादलाही केला.

"मांडा, शास्त्रीबुवा," ते म्हणाले.

निषादला बरे वाटले. खेळ सुरू झाला होता.

त्याने गाळणी त्यांच्या हातात दिली. "गाळणीचा शोध चहाच्या दोनशे वर्षे आधी लागला. मधल्या काळात ती कशासाठी आहे, यावरून पंडितांत दोन तट पडले. पूर्वपक्ष म्हणे, ही बाहुलीची टोपी. उत्तरपक्ष विचारी, टोपीला दांडा कशाला? त्यावर पूर्वपक्षाचे उत्तर असे की, नमस्कार करताना टोपी काढायला. हा वाद मिटावा एवढ्याचसाठी पुढे चहाची लागवड करण्यात आली."

बाबांनी गाळणी डोळ्यांसमोर धरून मान डोलावली. "विद्वत्तेनं शेती वाढते, ती अशी." हिरवा दिवा लागला. आईने ती गाळणी जेजुरीच्या बाजारात घासाघीस करून घेतली होती, हे आता त्या घरात एकट्या निषादला ठाऊक होते.

"आता माझी पाळी," बाबा म्हणाले. त्यांनी टेबलावरून नजर फिरवली आणि निषादचे मनगट धरले. निषादने डॉ. मुजावरांकडे पाहिले. त्यांनी यंत्र बंद केले नाही.

"या सद्गृहस्थांचा उगम," बाबांनी घसा खाकरला, "छत्रीत आहे. विसरलेली छत्री फार वेळ एकटी राहिली की तिच्या सावलीला हातपाय फुटतात आणि तिचा राखणदार तयार होतो. हे तसलेच. मूळ छत्री आमच्या निषूची. तो ती न्यायला यायचाय, तोवर हे तिच्यापाशी बसून असतात. रात्री घरातूनही हिंडतात, पण निरुपद्रवी असावेत."

दिवा हिरवा झाला. एकदाही लुकलुकला नाही.

निषादने दोन बोटे टेबलावर आपटली. आपटली ती इतक्या हळू, की त्याला स्वतःलाही धड ऐकू आली नाहीत. त्याने पुन्हा आपटली.

"आक्षेप?" बाबांचा चेहरा खुलला. "खरी हकीकत सांगा."

"बाबा, मी निषू. मोठा झालोय."

बाबांनी ते नीट ऐकून घेतले, एखाद्या कच्च्या विद्यार्थ्याचे घ्यावे तसे. "आधार?"

निषादने छत्री उघडली. आतल्या बाजूला आईने लाल दोऱ्याने भरलेली अक्षरे होती: निषाद.

बाबांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवले. "बरोबर. हे त्याचंच नाव. म्हणजे माझं म्हणणं सिद्धच झालं की हो! तुम्ही किती जपलीत ही." त्यांनी निषादच्या हातावर थोपटले. कित्येक दिवसांत त्यांनी त्याला आपणहून असा स्पर्श केला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत आता भीतीही नव्हती. "बसा तुम्ही. शाळा सुटली की येईलच तो."

"बंध बसलाय," डॉ. मुजावर हलकेच म्हणाल्या. "आता ते कडी लावणार नाहीत."

ऊन टेबलावरून सरकून फरशीवर उतरले होते. निषादने छत्री मिटली, तिच्या पट्ट्याचे बटण लावले आणि ती मांडीवर घेऊन बसून राहिला.

बाबा त्याला ओळखत नव्हते.